भूमिपूजनाची सीडी आणि ऑफिसातला जुना कॉम्प्युटर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे मागंपुढं झालं ते लिहिताना थोडं सावरून घेतलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘संगणकाविषयी दोन शब्द’ असं छापलंय. दोन शब्दांत आटपणार नाही, हे आधीच सांगतो. आणि मी काही संगणकतज्ज्ञ नाही. बाजार समितीत एकतीस वर्षं काटापट्ट्या आणि आवकेची रजिस्टरं लिहिली. मिरचीच्या गोण्या मोजण्यात जन्म गेला. तरी कमिटीनं मलाच उभं केलं, कारण गेले दोन महिने संस्थेच्या ऑफिसात संध्याकाळी दिवा जळताना सगळ्यांनी पाहिलाय आणि ‘हे रोज तिथं करतात काय?’ असं प्रत्येकानं एकदा तरी विचारलंय. आमच्या घरातूनही विचारलं गेलंय.

सुरुवात विंडोजपासून करावी लागेल. आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर २०१४ सालचा. मेंटेनन्सची बिलं, ऑडिटची कागदं, सर्वसाधारण सभेच्या नोटिसा, सगळं त्याच्यावर. त्यात विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. विंडोज ११ टाकावं तर ते या मशीनला घ्यायलाच तयार नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसरही नंतरच्या काळातला लागतो. नवीन कॉम्प्युटरचा विषय कमिटीत निघाला तेव्हा खजिनदार साहेबांनी पाण्याच्या टाकीच्या गळतीचं एस्टिमेट पुढं सरकवलं. विषय संपला.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. तो फोनवर म्हणाला, “मामा, त्याच्यावर लिनक्स टाका. उबुंटू. फुकट आहे आणि तुमच्या जुन्या मशीनवर चालेल.” फुकट म्हटल्यावर कमिटीची मंजुरी एकमतानं. ४ जीबी रॅम होती, तिच्यात आणखी ४ घातली. खर्च झाला तो एवढाच.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं आणि त्याचा सगळा कोड लोकांसाठी खुला ठेवला. त्या पायावर अनेकांनी आपापली घरं बांधली. उबुंटू हे त्यातलंच एक, २००४ पासूनचं. आपल्याकडं सी-डॅकनं ‘बॉस’ नावाचं बांधलंय. पाया एक, घरं वेगवेगळी. प्लॉटिंगच्या भाषेत आपल्याला हे समजायला हरकत नाही.

लिनक्स टाकून झालं, मराठी टायपिंग झालं, बिलं छापून झाली. मग रौप्यमहोत्सवाची तयारी सुरू झाली आणि वहिनी ऑफिसात आल्या.

वहिनी म्हणजे कोण, हे जुन्या लोकांना सांगायला नको. नव्या भाडेकरूंसाठी सांगतो. आपले पहिले चेअरमन, ज्यांना आपण सगळे अण्णा म्हणायचो, त्यांच्या पत्नी. अण्णा २०११ साली गेले. वहिनींच्या हातात एक स्टीलची डबी होती, आतमध्ये जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन सीड्या. वरती मार्करनं लिहिलेलं: ‘भूमिपूजन १, २, ३’. म्हणाल्या, “भाऊजी, दुकानात नेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आता या चालत नाहीत, टाकून द्या. तुम्ही बघता का?”

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. कमिटीला मी परवाच सांगितलीय, आज सगळ्यांना सांगतो. २००० साली भूमिपूजनाचं जे शूटिंग झालं त्याची मूळ व्हिडिओ कॅसेट संस्थेच्या मालकीची होती आणि मी सेक्रेटरी म्हणून ती माझ्या घरी होती. २३ मार्च २००३, रविवार. वर्ल्डकपची फायनल, जोहान्सबर्गला. मला नेमकं भोकरदनला एका कार्यक्रमाला जायचं होतं. रिकामी समजून एक कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, रेकॉर्डिंग लावलं आणि निघून गेलो. परत येऊन बघतो तर पाँटिंग १४० नाबाद आणि आपण १२५ धावांनी हरलेलो. आणि खाली, त्याच कॅसेटवर, भूमिपूजन होतं. होतं म्हणजे आता नव्हतं.

अण्णांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मॅच तरी जिंकायची होती.” पुढं आठ वर्षं त्यांनी हा विषय कुणाजवळ काढला नाही, वहिनींजवळसुद्धा नाही. त्यांनी २००२ मध्ये औरंगाबादेतून त्या कॅसेटच्या सीड्या करून घेतल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. ती डबी उघडल्यावर माझी काय अवस्था झाली असेल, बघा.

तर आता मुख्य विषय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चहा घ्यावा, पण ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर पडून आहे त्यांनी ऐकावं.

सीडी लावण्याआधी चाचणी म्हणून मोबाईलवरचा एक व्हिडिओ पेनड्राइव्हमधून घेतला आणि क्लिक केलं. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाइल उघडणारं कोणतंही ॲप इथं नाही. मला वाटलं मशीनच बिघडलं. तसं नव्हतं. उबुंटू २४.०४ टाकताना मी नेहमीचा, कमी सामानाचा पर्याय निवडला होता, त्यात व्हिडिओ प्लेअर येतच नाही. शिवाय टाकताना एक चौकट दिसते: ‘आणखी मीडिया प्रकारांसाठी आधार डाउनलोड करा’. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होतो, डेटा वाचवायला ती चौकट मोकळी सोडली. तुम्ही टाकाल तेव्हा तिथं टिक करा. माझे चार दिवस वाचले असते.

मग मी विंडोजच्या सवयीनं वागलो. इंटरनेटवर व्हिडिओ प्लेअर शोधला आणि पहिली सापडली ती फाइल उतरवून घेतली. तिच्या नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ होतं. दहा वेळा क्लिक केलं, चालेना. भाच्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. “मामा, ती विंडोजची फाइल. पेट्रोलच्या गाडीत डिझेल घालताय.” मग त्यानं जे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर इकडून तिकडून उतरवायचं नसतं. उबुंटूचं स्वतःचं मोठं गोदाम आहे. त्यात तपासलेलं, सही-शिक्क्याचं सामान असतं. आपण नाव सांगायचं, कॉम्प्युटर गोदामातून ते आणतो, त्याला लागणारे सुटे भागही आणतो आणि पुढं नवीन आवृत्ती आली की तीही आणतो. मला हे लगेच पटलं. यार्डातून आलेला माल आणि रस्त्यावर कुणीतरी हातात दिलेली पिशवी यातला फरक मला कुणी शिकवायला नको.

गोदामात जायचे दोन रस्ते. एक चित्रांचा: ॲप सेंटर उघडायचं, ‘व्हीएलसी’ शोधायचं, इन्स्टॉलचं बटण दाबायचं. तिथं एकच वस्तू दोन प्रकारांत मिळते, स्नॅप आणि डेबियन पॅकेज. स्नॅप आपलं सगळं सामान बरोबर घेऊन येतं, म्हणून उतरवायला मोठं. माझ्या हॉटस्पॉटवर ते गोल गोल फिरत राहिलं. मी दुसरा रस्ता धरला, टर्मिनलचा.

टर्मिनल म्हणजे काळी खिडकी. कंट्रोल, अल्ट आणि टी एकदम दाबलं की उघडते. पिक्चरमध्ये हॅकर लोक वापरतात तशी दिसते म्हणून घाबरू नका. तिथं इंग्रजीत लहान अक्षरांत आधी लिहायचं ‘सुडो एपीटी अपडेट’. म्हणजे गोदामातली यादी ताजी करून घे. ते झालं की ‘सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी’. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची, बाकी काही नाही. यातलं ‘सुडो’ म्हणजे चेअरमनची सही समजा. मशीनमध्ये काही बदल करायचा तर सही हवी, म्हणून ते पासवर्ड विचारतं.

इथं मी पहिल्यांदा अडकलो. पासवर्ड टाइप करतोय, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. ना अक्षर, ना ठिपका, ना चांदणी. मला वाटलं कीबोर्ड गेला. नवा कीबोर्ड आणायला दुकानात निघालो होतो, पायात चपला घातल्या होत्या. भाचा म्हणाला, “दिसत नाही, पण जातं. बाजूला बसलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरांचा आहे तेही कळू नये म्हणून तसं आहे. टाइप करा आणि एंटर मारा.” मारलं, गेलं.

दुसरी अडचण. पडद्यावर आलं की कुलूप मिळत नाही, दुसरं कुणीतरी वापरतंय. ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नाही. हे दुसरं कोण? तर उबुंटू सुरू झाल्या झाल्या स्वतःच मागच्या मागं दुरुस्त्या उतरवत असतं, आणि एका वेळी एकालाच गोदामात शिरता येतं. पाच-दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा तीच ओळ द्यायची. जबरदस्तीनं ते कुलूप काढून टाकायचे उपाय लोक सांगतात, करू नका.

तिसरी अडचण आपल्या गावची. इन्स्टॉल अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टर ऑफिसच्या ट्यूबलाइटला आहे, कॉम्प्युटरला नाही. लाइट आल्यावर मशीन म्हणतं, काम मध्येच तुटलंय. पण बिचारं उपायही स्वतःच लिहून दाखवतं: ‘सुडो डीपीकेजी’, मग दोन आडव्या रेघा जोडून ‘कॉन्फिगर’, मग मोकळी जागा, एक आडवी रेघ आणि ‘ए’. जसं दाखवलं तसं उतरवून काढलं. अर्धवट राहिलेलं काम त्यानं जिथल्या तिथं उचललं आणि पुरं केलं. मला ही गोष्ट फार आवडली. बाजार समितीत लाइट गेल्यावर अर्ध्या राहिलेल्या पावत्या आम्ही कशा जुळवायचो ते मला ठाऊक आहे.

मग नारिंगी शंकू दिसला. रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात ना, तसा. व्हीएलसीचं ते चिन्ह. त्याची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यासारख्याच एका वसाहतीतली आहे. पॅरिसजवळ एकोल सांत्राल नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या विद्यार्थ्यांनी राहण्याच्या जागेतलं कॉम्प्युटरचं नेटवर्क स्वतःच चालवायला घेतलं होतं. ते जुनं आणि हळू होतं, पोरांना गेम खेळायला वेगवान हवं होतं. पैसे मागायला कारण पाहिजे, म्हणून १९९६ मध्ये त्यांनी नेटवर्कवरून टीव्ही दाखवायचा प्रकल्प काढला. त्यातून हा प्लेअर निघाला. शंकू कुठून आला? त्या पोरांना रस्त्यावरचे शंकू उचलून आणायची खोड होती, खोलीत ढीग लागलेला, तेच चिन्ह झालं. १ फेब्रुवारी २००१ ला कॉलेजनं सगळा कोड खुला करायला परवानगी दिली. आज जगभरात तो सहाशे कोटींहून अधिक वेळा उतरवला गेलाय, आणि अजून त्यात एकही जाहिरात नाही.

बरं, आपल्या देशात २०२२ मध्ये याच व्हीएलसीची वेबसाइट कित्येक महिने बंद केलेली होती. दिल्लीच्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं त्यांनी सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडली. त्या काळात लिनक्सवाल्यांचं काही अडलं नाही, कारण ते त्या वेबसाइटवरून नाही, आपल्या गोदामातून आणतात. हे भाच्यानं मला दोनदा सांगितलं, म्हणून मी तुम्हाला एकदा सांगतो.

तुम्ही म्हणाल, एवढी भानगड कशाला? प्लेअर आधीच घालून का देत नाहीत? त्यासाठी ‘कोडेक’ हा शब्द समजून घ्यावा लागेल. समजा मिरचीची गोणी आली. गोणी बघून आतला माल कळतो का? नाही. गोणी तीच, आतमध्ये हिरवी, लाल, काहीही असेल. व्हिडिओ फाइलचं तसंच. एमपी४ ही गोणी. आतलं चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीनं दाबून भरलाय, ती पद्धत म्हणजे कोडेक. दाबल्याशिवाय इलाज नसतो. आपल्या या जुन्या सीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. ती न दाबता ठेवली तर एका सीडीवर चार मिनिटंही मावणार नाहीत. एमपेग-१ या पद्धतीनं दाबली म्हणून ७४ मिनिटं मावतात. आता यातल्या कित्येक पद्धतींवर कंपन्यांची पेटंट होती, काहींवर अजून आहेत. फुकट वाटायच्या वस्तूत दुसऱ्याच्या हक्काचा माल भरायचा तर कायद्याचा प्रश्न येतो आणि प्रत्येक देशाचा कायदा निराळा. म्हणून उबुंटूवाले तो माल वेगळ्या खोलीत ठेवतात आणि तुम्ही मागितला तर देतात. एमपी३ आणि डीव्हीडीची एमपेग-२, यांची मुख्य पेटंट २०१७-१८ च्या सुमारास संपली. मोबाईलवर जास्त करून चालणारी एच.२६४ त्यानंतरची. व्हीएलसी बहुतेक कोडेक आपल्या पोटातच घेऊन येतो, म्हणून तो एकच टाकला तरी भागतं.

मी मात्र हौसेनं ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचा गठ्ठाही मागवला. त्यात मायक्रोसॉफ्टचे फाँट येतात आणि त्यांचा करार मान्य करायला एक जांभळा पडदा उघडतो. खाली ‘ओके’ लिहिलेलं. माउसनं क्लिक केलं, ढिम्म. अर्धा तास गेला. तिथं माउस चालत नाही. टॅबचं बटण दाबायचं, ‘ओके’ वर रंग येतो, मग एंटर. एवढ्यासाठी अर्धा तास. घरी जेवायला बोलावणं आलं होतं तेही विसरलो.

असो. मोबाईलचा व्हिडिओ चालला. आता वहिनींची सीडी.

ड्राइव्हचा ट्रे बाहेरच येईना, कित्येक वर्षांत कुणी उघडला नव्हता. त्याला समोर एक बारीक भोक असतं. कागदाची पिन सरळ करून कॉम्प्युटर बंद असताना त्यात हळूच खुपसली की ट्रे सुटतो. ‘भूमिपूजन १’ आत घातली. फोल्डर दिसलं, आतमध्ये फाइल दिसली. क्लिक केलं, चालत नाही. म्हटलं, आधी कॉपी करून घेऊ. कॉपी करायला गेलो तर एरर. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. मनात म्हटलं, दुकानदार खरं बोलत होता, सीडी मेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. एकदा माझ्या हातून पुसलं गेलं, आता दुसऱ्यांदा माझ्याच हातात येऊन संपलं, असं वाटत राहिलं.

सकाळी भाच्यानं फोनवर विचारलं, “मामा, ती डीव्हीडी आहे की व्हीसीडी?” मला काय माहीत! आपण सगळ्यालाच सीडी म्हणतो. ती निघाली व्हीसीडी. १९९३ सालची ही पद्धत. आपल्याकडं २००० नंतर लग्नाच्या कॅसेटी बंद होऊन जी सीडी मिळायला लागली ती हीच. तुमच्या घरी त्या काळातल्या लग्नाची सीडी असेल तर बहुधा हीच. तिची गंमत अशी आहे की नेहमीच्या डेटा सीडीवर प्रत्येक तुकड्यात मजकुराबरोबर चूक दुरुस्त करायची जादा माहिती ठेवलेली असते. व्हीसीडीवाल्यांनी व्हिडिओच्या तुकड्यात ती जागाही चित्राला देऊन टाकली, २०४८ ऐवजी २३२४ बाइट. त्यामुळं जास्त मावतं. पण लिनक्स ती फाइल साधी फाइल म्हणून वाचायला जातं आणि ठेच लागते. फाइल दिसते, उचलता येत नाही. सीडी मेलेली नव्हती, मी चुकीच्या दारानं जात होतो. आणि चरा पडला की व्हीसीडीवर चौकोन चौकोन दिसतात, त्यालाही ही काटकसर कारण आहे.

बरोबर दार असं: फाइलवर क्लिक करायचंच नाही. आधी व्हीएलसी उघडायचा. वर ‘मीडिया’, त्यात ‘ओपन डिस्क’. तिथं चार पर्याय असतात, त्यातला ‘एसव्हीसीडी/व्हीसीडी’ निवडायचा आणि ‘प्ले’. बस्स.

ड्राइव्ह घरघरला. पडदा काळा राहिला. मग एकदम ऊन, मोकळं माळरान, मागं एक बाभूळ आणि चार खुंट्यांना बांधलेला मांडव. ती बाभूळ आता जिथं आपलं गेट आहे तिथं होती. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. माझ्या डोक्यावर केस होते हो!

लगेच बघत बसलो नाही, आधी प्रती काढल्या. गोदामातून ‘व्हीसीडीइमेजर’ आणलं, त्यातली ‘व्हीसीडीएक्सरिप’ ही आज्ञा दिली की सीडीवरचा व्हिडिओ साध्या फाइलमध्ये उतरतो. ती फाइल मग कुठंही चालते. एक प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक भाच्याकडं पुण्याला. भाचा म्हणाला, तीन कशाला? मी त्याला अजिंठ्याची आठवण दिली. रॉबर्ट गिल १८४४ मध्ये आला, वर्षानुवर्षं आपल्या अजिंठा गावात राहून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला नेऊन क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनं विद्यार्थी आणून १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. सगळं एकाच घरात ठेवलं की असं होतं. मी तर आग न लावताच एक कॅसेट घालवलेली आहे.

पहिल्या दोन सीड्या पूर्ण उतरल्या. तिसरी नाही. मऊ कापडानं मधून बाहेरच्या बाजूला पुसली (गोल गोल पुसायची नसते, चरा असला तर वाढतो), दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितली, बारा मिनिटांच्या पुढं जात नाही. तिच्यावर जेवणाच्या पंगती होत्या आणि सगळ्या सभासदांनी एकेक करून स्वतःची ओळख सांगितली होती, असं वहिनी म्हणतात. त्यातले पहिले पाच सभासद दिसतात. पुढचे एकोणीस नाहीत. मी सतरावा होतो. ज्यांच्या घरचं माणूस त्यात होतं आणि आज नाही, त्यांना मी भेटून सांगितलंय.

मागच्या रविवारी रंगीत तालीम म्हणून याच सभागृहात प्रोजेक्टर लावला. वहिनी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं पुढच्या रांगेत. नातवंडांनी आजोबांना फोटोतच पाहिलंय. दुसरी सीडी लावली. अण्णा माइकसमोर उभे राहिले, टोपी सारखी केली, बोलायला लागले आणि आवाजच नाही. ओठ हलताहेत, हात वर करताहेत, लोक टाळ्या वाजवताहेत, सगळं मुकं. मी आवाज वाढवला, स्पीकरची वायर हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, सीडीतच आवाज नसेल. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या पडद्याकडं बघत होत्या. मला घाम फुटला. भाच्याला फोन लावायला वेळ नव्हता. मग आठवलं, प्रोजेक्टर नव्या वायरनं जोडलाय, त्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. आवाज प्रोजेक्टरकडं निघून गेला होता आणि प्रोजेक्टरला स्पीकर नाही. व्हीएलसीत वर ‘ऑडिओ’, त्यात ‘ऑडिओ डिव्हाइस’, तिथं कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज निवडला.

आधी खोकला ऐकू आला. मग, “मंडळी, पाण्याचं बोललो होतो ते विसरलेलो नाही.”

वहिनी सुनेकडं वळून म्हणाल्या, “बघ, खोकले. भाषणाआधी खोकायचेच.” धाकटा नातू विचारत होता, हे आजोबा का, हे आजोबा का, आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आवाज अजून थोडा वाढवा.” व्हीएलसीचा आवाज शंभरच्या पुढं एकशे पंचवीसपर्यंत जातो. तेवढा केला. जुन्या रेकॉर्डिंगला थोडी खरखर येते, येऊ द्या म्हणाल्या.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. “कॅसेटचं मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.” बावीस वर्षं!

तर आता जेवणाआधी दोन्ही सीड्या इथं दाखवणार आहोत, एकूण एक तास पन्नास मिनिटं. लहान मुलांना पुढं बसवा. ज्यांना प्रत हवी त्यांनी स्वतःचा पेनड्राइव्ह आणावा. व्हायरस तपासूनच घेईन, कुणी रागावू नये. आणि ज्यांच्या कपाटात अशा सीड्या पडल्या असतील, लग्नाच्या, बारशाच्या, कशाच्याही, त्यांनी त्या टाकू नयेत. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ७ मी ऑफिसात असतो. शनिवारी आठवडी बाजार, त्या दिवशी येऊ नका.